कोणाला किती ठाऊक : 'द वायर' आणि कथनाची एक अडचण

दूरचित्रवाणीच्या मालिकेकडून कादंबरीकाराने काही शिकावे, हे विधान साहित्याच्या अभ्यासकाला सहजी रुचणारे नाही. गिरणगावात वाढलेल्या आणि पुढे महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या एका कथाकारालाही ते रुचले नव्हते. त्याच्याजवळ एका कादंबरीचे ४०० पानांचे हस्तलिखित पडून होते. विषय होता १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईतील गिरणी संप. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी केलेला हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. कथाकाराचे वडील साचेखात्यात होते. संप चालू असतानाच एके दिवशी ते पुन्हा कामावर गेले. का गेले, हे त्यांनी घरात कधी सांगितले नाही. कादंबरीत मात्र तेच पात्र आपल्या पत्नीपाशी सलग दोन पाने बोलत होते : डोक्यावरचे कर्ज, गावाकडची जमीन, नेत्यांचे राजकारण. हस्तलिखित वाचणाऱ्या एका सहकाऱ्याने त्या पानांच्या समासात 'हे कोण बोलते आहे?' एवढेच लिहिले होते.

कथनमीमांसेला हा प्रश्न नवा नाही. 'कोण बोलतो' आणि 'कोण पाहतो' यांत झेरार जेनेत यांनी केलेला भेद हा कथाकार वर्गात वर्षानुवर्षे समजावून देत आला होता. त्या भेदाच्या आधारे दोषाचे नाव सांगता येत होते. दुरुस्तीची वाट मात्र दिसत नव्हती. ती दिसली बॉल्टिमोर शहरावरील 'द वायर' या अमेरिकन मालिकेत. २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत आणि ६० भागांत ती प्रक्षेपित झाली. तिचे कर्ते डेव्हिड सायमन हे पूर्वाश्रमीचे वार्ताहर, तर त्यांचे सहकारी एड बर्न्स हे आधी पोलीस आणि मग शिक्षक. जॉर्ज पेलेकॅनॉस, रिचर्ड प्राइस, डेनिस लेहेन या कादंबरीकारांनी तिच्या संहिता लिहिल्या. प्रत्येक पर्वात नगराची एकेक संस्था उलगडते : अमली पदार्थांचा व्यापार आणि पोलीस खाते, बंदर, महापालिकेचे राजकारण, शाळा, वृत्तपत्र. बंदरावरील दुसऱ्या पर्वासाठी कथाकार मालिकेकडे वळला होता. काम आटत चाललेल्या गोदी कामगारांची कथा त्याला जवळची वाटली. परंतु त्याला अडवून धरले ते पहिल्या पर्वातील वॉलेस नावाच्या मुलाने.

वॉलेस सोळा वर्षांचा. टोळीसाठी गर्द विकणारा. ओसाड घरात तो काही लहान मुलांसह राहतो. सकाळी त्यांना उठवून, प्रत्येकाच्या हाती वेफर्सचे पाकीट आणि फळांच्या रसाचे खोके देऊन शाळेत पाठवतो. टोळीला लुटणाऱ्यांपैकी एकाचा ठावठिकाणा त्यानेच कळवलेला असतो. त्या तरुणाचे छिन्नविच्छिन्न प्रेत त्याच्याच खिडकीसमोर टाकले जाते, आणि वॉलेस खचतो. पोलिसांना जबाब देतो. ते त्याला आजीच्या गावी ठेवतात. पुढे एका कारवाईत त्यांच्यापैकीच एक अधिकारी गोळी लागून जबर जखमी होते आणि त्या धांदलीत वॉलेसशी संपर्क ठेवण्याचे राहून जाते. गावात न रमलेला वॉलेस आपण होऊन परततो. ज्या घरात तो मुलांना जेवू घालीत असे, तेथेच त्याचे दोन मित्र त्याला गोळ्या घालतात.

या मृत्यूला कोणाही एकाचा दुष्टपणा पुरेसा नाही. म्होरक्याला संशय आहे, खात्री नाही. मित्रांना हुकूम ठाऊक आहे, त्यामागचा जबाब ठाऊक नाही. पोलिसांना जबाब ठाऊक आहे, मुलगा परतल्याचे ठाऊक नाही. त्याच्यावर माया करणारा डिअँजेलो तर कोठडीत एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत राहतो आणि त्याला सरळ उत्तर मिळत नाही. सारे तुकडे एकत्र असतात ते केवळ प्रेक्षकापाशी. म्हणून तेथे भाष्यकाराची गरज उरत नाही. भाष्य करू शकेल इतके जाणणारा त्या जगात कोणी नाहीच. जेनेत यांच्या दोन प्रश्नांना कथाकाराने येथे तिसरा जोडून घेतला : कोणाला किती ठाऊक आहे? वडिलांच्या तोंडची दोन पाने खोटी का वाटत होती, हे त्याला आता उमगले. त्या पात्राला लेखकाइतके ठाऊक होते. संपाचा शेवट माहीत असलेल्या मुलाने बापाला उसने दिलेले ते शहाणपण होते.

तथापि या धड्याला मर्यादाही आहेत. मालिकेतही पात्राच्या तोंडून अर्थ सांगण्याचा मोह झालेला दिसतो. बुद्धिबळाच्या सोंगट्यांवरून टोळीची उतरंड समजावणारा प्रसिद्ध प्रसंग याच जातीचा आहे. पाचव्या पर्वात सायमन यांचे पूर्वीचे वृत्तपत्र, 'बॉल्टिमोर सन', येते आणि तेथील वरिष्ठ संपादक आधीच्या पर्वांतील गुन्हेगारांपेक्षाही सपाट भासतात. ज्या संस्थेने लेखकाला घडवले आणि दुखावले, तिच्याविषयी लिहितानाच तोल गेला असावा. कथाकाराला ही जागा ओळखीची वाटली. शिवाय कॅमेऱ्याचे मौन आणि गद्याचे मौन एक नव्हे. पडद्यावर चेहरा आपोआप असतो. गद्यात जे लिहिले नाही ते नसतेच. केवळ गाळून साधलेले मौन ही लेखकाची पळवाटही ठरू शकते.

म्हणून त्याने ती दोन पाने नुसती काढली नाहीत. 'बदली' कामगाराचे अधांतर, कायद्याने मान्यता मिळालेली संघटना एक आणि कामगारांनी निवडलेला नेता दुसरा असा पेच, गावाहून येणारे तांदूळ, सावकाराचे हप्ते, हे सारे त्याने वेगवेगळ्या पात्रांत वाटून टाकले. कोणालाच सगळे कळू दिले नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला त्याने फक्त एक वाटी ठेवली. चाळीत शेजारच्या घरी कालवण गेले की वाटी कधी रिकामी परतत नसे. निदान साखरेची चिमूट तरी तीत असे. वडील कामावर गेले त्या आठवड्यात ती धुऊन, पुसून, रिकामी परत आली. आईने ती फळीवर पालथी घातली. प्रकरण तेथे संपते.

वडील आता हयात नाहीत. हे प्रकरण त्याने आईला वाचून दाखवले, तेव्हा आपण त्यांचा बचाव काढून घेतला की त्यांना न्याय दिला, याचा निर्णय त्याला करता येत नव्हता. आईने सारे ऐकून घेतले. वडिलांविषयी ती काही बोलली नाही. वाटी पितळेची लिहिली आहेस, ती स्टीलची होती, एवढीच दुरुस्ती तिने सांगितली.