सावली तुळशीला टेकली की

बहात्तरचा दुष्काळ असं सगळे म्हणतात, पण आमच्या माणदेशात त्याचा खरा चटका बसला तो 1973 च्या उन्हाळ्यात. आदल्या सालचा पाऊस गेला तो गेलाच. विहिरींनी तळ दाखवला, बैल बाजाराच्या वाटेला लागले आणि गावातली धडधाकट माणसं दुष्काळी कामावर जाऊ लागली. कुठं खडी फोडायची, कुठं नालाबांध, कुठं पाझर तलाव. आमचे अण्णा आणि आई दीड कोसावरच्या पाझर तलावाच्या कामावर होती. अण्णा खोदायचे, आई पाट्या वाहायची. अंधारातच भाकरी बांधून निघायची ती दिवस मावळायला परत यायची.

परीक्षा संपल्या, शाळेला सुट्टी लागली आणि आईच्या जिवाला घोर लागला. शाळा होती तोवर लेकरं कुठंतरी एका जागी बसलेली असायची. आता आम्ही चौघं दिवसभर मोकाट. मी थोरली, अकरा वर्षांची. सगळी मला आक्का म्हणत. पाठचा भाऊ नऊचा, बहीण सातची, धाकटा पाचाचा. घरात मोठं माणूस म्हणजे एकटी आजी, आणि तिला डोळ्यांनी दिसायचं बंद झालेलं. ती सोप्यात भिंतीला टेकून बसायची आणि आवाजावरून कोण कुठं आहे ते ओळखायची.

घरात घड्याळ नव्हतं. आईला अक्षरओळखही नव्हती. पण सुट्टीच्या पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला वेळापत्रक घालून दिलं, आणि तेही भिंतीवर. आमचं घर पूर्वेच्या तोंडाचं. सकाळी ऊन थेट ओसरीत शिरायचं आणि दिवस वर चढेल तसं मागं सरकायचं. आईनं गेरूचं बोट घेऊन ओसरीच्या भिंतीवर एक रेघ ओढली. "ऊन हितं येईस्तवर पाणी भरून झालं पायजे." मग पायरीच्या कडेला दुसरी. "ऊन हितं आलं की समदी आत. कडी लावायची." मग अंगणातल्या तुळशीकडं बोट करून म्हणाली, "आणि घराची सावली तुळशीला टेकली की भाईर."

मला त्या रेघांचं फार अप्रूप वाटलं. आणि त्या रेघांची मालकीण मी होते.

पहाटे आम्ही ओढ्यात जायचो. वाळूत हातभर उकरून झरा केलेला असायचा. त्यात पाणी पाझरेल तसं करवंटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला किती वेळ लागायचा म्हणून सांगू? धाकटा झऱ्याशी बसून पाणी वर यायची वाट बघत पेंगायचा. मग शेणी, झाडलोट, आजीची आंघोळ नाही पण ओल्या फडक्यानं अंग पुसणं. मिलोची भाकरी आदल्या रातीची असायची. ती लाल भाकरी थापताना मोडायची, खाताना घशात अडकायची. कधी आई कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची, त्या दिवशी आमची दिवाळी.

मी मात्र चार दिवसांतच आईपेक्षा कडक झाले. ऊन रेघेवर आलं की कडी. कुणी चिंचोके मोजत असलं तरी उठ, पाढे म्हण. कुणाला झोप येत नसली तरी डोळे मीट. पाण्याचा हंडा मी उतरंडीशेजारच्या उंच कट्ट्यावर ठेवला आणि ठरवून टाकलं, दुपारी एकेक पेला, पुढचं पाणी सावली तुळशीला टेकल्यावर. आईनं हे सांगितलं नव्हतं. "पाणी जपून वापरा," एवढंच ती म्हणाली होती. बाकीचा कायदा माझा.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडं सूर्य अगदी माथ्यावर येतो. भर दुपारी माणसाची सावली पायाखाली जाते. अशाच एका दुपारी धाकट्यानं पाणी मागितलं. त्याचा पेला पिऊन झाला होता. मी नाही म्हणाले. त्यानं परत मागितलं. "सावली कुठं आलीय बघ," मी म्हणाले. आजी बोलली, "दे गं घोटभर." मी आजीचंही ऐकलं नाही. पोर रडलं, मग गप झालं. मला वाटलं, झोपलं.

मला डुलकी लागली. जाग आली ती आजीच्या हाकेनं. "आगं, धाकल्याचा आवाज न्हाय कुठं!" मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. तांब्याही जागेवर नव्हता.

मी अनवाणी पळाले. ओढ्यातली वाळू पाय भाजून काढत होती. झऱ्याच्या कडेला तांब्या उपडा पडलेला आणि धाकटा वाळूत कुशीवर. झऱ्यात ओल होती, पाणी नव्हतं. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर नुसतं हूं केलं त्यानं. त्याला पाठुंगळी टाकून मी कशी आले ते मला आजही सांगता येत नाही. शेजारच्या म्हातारीनं त्याला सोप्यात गार जागी निजवलं, ओलं धडपं अंगावर घातलं, कांदा ठेचून तळपायाला चोळला, आणि शुद्धीवर आल्यावर मीठ-गुळाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. ते पाणी आमच्याच हंड्यातलं होतं.

दिवस मावळायला धाकटा उठून बसला. आई आली. मी मार खायच्या तयारीनं सगळं सांगितलं. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं,

"हंड्यात पानी व्हतं?"

"होतं."

"मग ते कुनासाठी ठिवलं व्हतंस, बाई?"

मार परवडला असता.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली नाही. एका दिवसाची हजेरी बुडाली, त्या सालात ती काय चीज होती ते आता कुणाला सांगून कळणार नाही. तिनं पोतेरं घेऊन ओसरीच्या भिंतीवरची पहिली रेघ पुसून टाकली. पायरीवरची ठेवली. हंडा कट्ट्यावरून उतरवून भुईवर ठेवला, धाकट्याचा हात पोचेल असा. म्हणाली, "दोनच गोष्टी पक्क्या. उन्हाचं भाईर जायाचं न्हाय, आणि तान्हेल्याला न्हाय म्हणायचं न्हाय. बाकीचं सैल. दिसभरात एक काम घरचं, एक शाळंचं, आन एक ज्याच्या त्याच्या मनाचं. आधी कंचं, मागनं कंचं, ते ज्याचं त्यानं बघावं."

गंमत अशी की त्यानंतर घर जास्त नीट चाललं. पाठचा भाऊ आधी मनाचं करायचा. चिखलाचे बैल करून झाले की आपण होऊन पाढ्यांना बसायचा. बहीण पहाटेच घरचं काम उरकून मोकळी व्हायची. धाकटा आजीला दिवसभर उजळणी म्हणून दाखवायचा आणि आजी चुका काढायची. ती कधी शाळेत गेली नव्हती, पण ऐकून ऐकून तिचे पाढे पाठ झाले होते. पाणीही पुरलं. दार मोकळं असलं की पोरं उगाच पीत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

पुढं मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. तीस वर्षांच्या वर वेळापत्रकं आखली. तास संपला तरी एखादं पोर चित्रात गुंगलेलं असलं की माझा हात घंटेकडं जायच्या आधी थबकायचा.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून नातवंडं आली. सुनेनं रंगीत तक्ता करून आणला होता. सात ते आठ योगासनं, आठ ते नऊ वाचन, मग हस्तकला, मग इंग्रजी. पोरीनं मनापासून केलं होतं. नोकरी सांभाळून, मुलं मोबाईलला चिकटू नयेत म्हणून. तिसऱ्या दिवशी धाकटा नातू हस्तकलेच्या तासाला पेरूच्या झाडावर सापडला आणि घरात रडारड झाली. रात्री सून माझ्याजवळ येऊन बसली. "आई, माझंच काही चुकतंय का हो?" मी तिला ओढ्यातली दुपार सांगितली. तोवर ती मी घरात कुणालाच सांगितली नव्हती.

सकाळी तक्ता खाली आला. दुपारी उन्हात जायचं नाही आणि मोबाईल संध्याकाळपर्यंत फळीवर, या दोन गोष्टी पक्क्या. बाकी एक घरचं, एक अभ्यासाचं, एक मनाचं. नातीनं कुरडयांची राखण मागून घेतली, नातू झाडावर बसूनच गोष्टीचं पुस्तक वाचू लागला. रोज सगळं जमलं असं नाही. दोन दिवस नुसती भांडणं झाली. पण रडारड थांबली.

धाकटा भाऊ आता गावाकडं शेती बघतो. त्याला ती दुपार आठवत नाही. विषय निघाला की म्हणतो, "आक्के, तू उगं मनाला लावून घेतलंयस." असेल. पण माझ्या घरातला माठ आजही भुईवर असतो. पाहुणे विचारतात, तिवईवर का ठेवत नाही? मी म्हणते, लहान पोरांचा हात पोचायला हवा.