थांबलेली उलटी

मुक्या जनावराची उलटी थांबली म्हणजे त्याची व्याधीही संपली, असा निर्वाळा ज्या सहजतेने आम्हांला देण्यात आला तिची आठवण झाली की आजही माझे मन संतप्त होते. आणि हा संताप केवळ आमच्या ठमी या मांजरीपुरता असता तर तो मी मनातल्या मनात जिरवला असता, परंतु ज्यांच्या घरी कुत्रे वा मांजर आहे अशा प्रत्येकाशी या गोष्टीचा संबंध पोहोचतो, म्हणून ही कैफियत मांडीत आहे.

वैशाखात घरी लग्नकार्य होते, पाहुण्यांची वर्दळ होती, मोगऱ्याचे गजरे जिकडेतिकडे पडलेले होते. त्यांतल्या एका सुकलेल्या गजऱ्याचा दोरा ठमीच्या पोटात गेला, हे पुढे उघडकीस आले; त्या वेळी आम्हांला दिसत होते ते इतकेच, की ती वारंवार ओकत होती, अन्नाला शिवत नव्हती आणि पलंगाखाली पाय पोटाशी घेऊन बसून राहिली होती.

जवळच्या एका दवाखान्यात तिला नेले. तेथे ताप पाहण्यात आला, ‘उन्हाळ्यात होतं असं’ असे सांगण्यात आले आणि उलटी थांबवण्याचे इंजेक्शन देऊन आमची रवानगी झाली. केसपेपरवर नाव होते मेटोक्लोप्रमाइड. या औषधाचे गुणधर्म मी नंतर समजून घेतले, आणि समजल्यावर माझा क्षोभ दुणावला. ते मळमळ कमी करते, त्याचबरोबर जठराचे आणि आतड्याच्या वरच्या भागाचे आकुंचन वाढवते. म्हणून आतड्यात अडथळा असल्याचा संशय असेल तर ते निषिद्ध मानले जाते. शिवाय ते डोपामिनचा मार्ग अडवून काम करते, आणि मांजरात उलटीची प्रेरणा त्या मार्गावर फारशी अवलंबून नसल्यामुळे ओकारी थोपवण्याचा त्याचा गुण मांजरापुरता बेताचाच ठरतो. म्हणजे जे व्हायला हवे ते होण्याची शक्यता थोडी, आणि जे होऊ नये ते होण्याची बरीच. उलटी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅरोपिटंट देण्यात आले. मेंदूतील वमनकेंद्राकडे जाणारा ‘सबस्टन्स पी’ या द्रव्याचा संदेशच हे औषध अडवते, त्यामुळे उलटीचे कारण कोठलेही असो, ती बहुधा थांबते. ती थांबली. “आता उलटी नाही ना? मग झाली बरी,” असे आम्हांला ऐकवण्यात आले. “अहो डॉक्टर, पण ती पाण्यालासुद्धा तोंड लावत नाही हो,” असे माझ्या पत्नीने काकुळतीने सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले, “अशक्तपणा आहे, खाईल हळूहळू.” ज्या एका लक्षणाने ते जनावर आपली तक्रार रुजू करू शकत होते तेच लक्षण बंद करण्यात आले, आणि तक्रार ऐकू येत नाही म्हणून तक्रारच उरली नाही असे गृहीत धरण्यात आले! मांजर उपाशी राहिले, तर दोन-तीन दिवसांतच त्याच्या यकृतात चरबी साचू लागण्याचा धोका असतो. त्याचाही उच्चार कोणी केला नाही.

अखेर तिला पुण्यातील एका मोठ्या पशुचिकित्सालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी आमची हकिकत पुरती ऐकण्यापूर्वीच ठमीचे तोंड उघडले, खालच्या जबड्याच्या बेचक्यात बाहेरून अंगठा दाबून जीभ वर उचलली आणि जिभेच्या मुळाशी अडकलेला पांढरा दोरा आम्हांला दाखवला. मी तो ओढण्यासाठी पुढे होणार, तोच त्यांनी माझा हात अडवला. दोऱ्याचे एक टोक जिभेला गुंतलेले आणि दुसरे आतड्यात उतरलेले असले, की नाडी ओढल्यावर नेफा चुणावा तसे आतडे त्या दोऱ्यावर गोळा होते, आणि ताणलेला दोरा आतड्याची भिंत आतून कापू लागतो; असा दोरा, मग तो तोंडात दिसो वा गुदद्वाराबाहेर लोंबो, घरी कधीही ओढू नये. दोरा क्ष-किरणात दिसत नाही. दिसते ते चुणलेले आतडे. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली आणि ठमी वाचली.

जिभेखाली पाहण्यास कितीसा वेळ लागतो? त्यासाठी कोणते यंत्र लागते, कोणता खर्च येतो, कोणाची परवानगी काढावी लागते? मांजराची जीभ मागे वळलेल्या काट्यांची असते आणि त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला बाहेर टाकता येत नाही, हे ज्ञान दुर्मीळ नाही. ओकणारे मांजर समोर आले की जिभेखाली पाहावे, पोट चाचपावे, काय गिळले असेल ते विचारावे आणि मग सुई हाती घ्यावी, इतका साधा क्रम पाळला गेला नाही, याची खंत शस्त्रक्रियेच्या खर्चापेक्षा मला मोठी वाटते.

आणि तरीही, शस्त्रक्रियेनंतर ठमीला दररोज एकदा देण्यात आले ते हेच मॅरोपिटंट. वजनाच्या दर किलोमागे एक मिलिग्राम, टोचताना झोंबू नये म्हणून शीतकपाटातून काढलेले. त्याच औषधाने तिची मळमळ निवाली आणि तिने चिकनचे पाणी चाटले, तेव्हा ज्याला मी मनोमन शाप दिले होते त्याचेच मला आभार मानावेसे वाटले. शेजारच्या पिल्लाला पार्वो झाला तेव्हा तर “आधी याची उलटी थांबवा” असा आग्रह मीच डॉक्टरांपाशी धरला. कारण त्या आजारात अखंड उलट्यांनी पिल्लू शुष्क होऊन दगावते.

एका गोष्टीबाबत मात्र माझे मत डळमळलेले नाही. घरातल्या माणसांच्या गोळ्या जनावराला देऊ नयेत. अर्धशिशीवर मिळणाऱ्या काही गोळ्यांत मळमळ थांबवणाऱ्या डॉम्पेरिडोनबरोबर पॅरासिटामॉलही असते, आणि मांजराच्या जिवावर बेतण्यास पॅरासिटामॉलची एक गोळी पुरेशी आहे. घाटात ओकणाऱ्या कुत्र्यासाठीसुद्धा मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. प्रवासातील ओकारीसाठी मॅरोपिटंटची गोळी एरवीच्या दोन मिलिग्रामऐवजी किलोमागे आठ मिलिग्राम या हिशेबाने, निघण्यापूर्वी किमान दोन तास, थोड्याशा खाण्याबरोबर देतात, आणि हा फरक अंदाजाने भरून काढण्याजोगा नाही.

त्या पहिल्या दवाखान्याला मी सविस्तर पत्र लिहिले आहे. नुकसानभरपाईची मागणी त्यात नाही; ओकणाऱ्या प्रत्येक मांजराची जीभ उचलून पाहिली जाईल, एवढे लेखी आश्वासन मागितले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही, आणि ते आल्यावाचून हे प्रकरण मी दप्तरदाखल करणार नाही.