पऱ्हाटीचं फूल काढताना

मुलाला चित्र काढ म्हटलं की कागदावर दोन त्रिकोणी डोंगर उभे राहतात, मधून सूर्य उगवतो, खाली नदी वाहते. वर्ध्याच्या मुलांच्या वह्यांतही हेच डोंगर. शाळेच्या खिडकीबाहेर मात्र सपाट काळी माती, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या ओळी. त्यांच्यापाशी मुलाला कुणी थांबवलेलंच नसतं.

या थांबण्याची वाट वर्ध्यात जुनी आहे. अक्षर गिरवण्याआधी मुलानं चित्र काढायला शिकावं, फूल-पाखरू निरखतो तसंच अक्षरही निरखावं, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची गांधीजींची पद्धत, उभी राहिली. सेवाग्रामच्या बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी झाडं आणि चरखा उठावात घडवले. हात फिरवावासा वाटावा असे. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली इथे कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. चित्रकार, कुंभार आणि शिक्षक असा हा माणूस कलेला शिक्षणाचा पाया मानायचा. मला हे म्हणणं शब्दशः खरं वाटतं.

पऱ्हाटीचं फूलच घ्या. उमलतं त्या दिवशी ते फिकट, सायीच्या रंगाचं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. शेतकऱ्याच्या लेकराच्या डोळ्यांसमोरून हे फूल किती वेळा गेलेलं असतं! पण त्याला बांधावर बसवा, एकच फूल लागोपाठ दोन दिवस काढायला द्या. पहिल्या दिवशी पाकळीची दुमड काढताना त्याची जीभ नकळत ओठांच्या कोपऱ्यात येते, चुळबुळ थांबते. मन एकाग्र करायला श्वासाकडे लक्ष दे, असं वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी कालचा रंग हातात घेऊन ते फुलाकडे पाहतं आणि गडबडतं. मग विचारतं, "हे कालचंच फूल हाय का जी?" त्या प्रश्नापर्यंत मुलाला कोणतीही तयार आकृती नेऊ शकत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या सणाआधी लाकडी नंदी रंगवणारी पोरं पाहा. शिंगावर बेगड चिकटवताना हाका मारल्या तरी त्यांना ऐकू येत नाही. हीच एकाग्रता. आपण मात्र ती वर्गात डोळे मिटायला लावून शोधतो. मन स्थिर करायला मुलाला आधी डोळे उघडे ठेवून, एकाच वस्तूपाशी पुरेसा वेळ बसू द्यायला हवं.

म्हणून शिक्षकांना आणि आईवडिलांना कळकळीनं सांगणं आहे: फळ्यावर नमुना काढून देऊ नका, मुलाच्या रेषेवर आपली रेष ओढू नका, आणि परीक्षा जवळ आली म्हणून चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका.