किंमत मोजलेला विश्वास

डिसेंबर लागला की उपासना संपल्यावर कुणीतरी आई मला हमखास बाजूला घेते. "आंटी, पोरगं नववीत गेलंय. बायबल घेऊन दिलंय, पण उघडत न्हाई. त्याला वाचावंसं वाटंल असं एखादं ख्रिस्ती पुस्तक सांगा की." कोल्हापुरातल्या आमच्या मंडळीत मी शब्बाथशाळेच्या मोठ्या मुलांचा वर्ग घेते. आठवी ते बारावीची ही मुलं. हा प्रश्न मला इतक्या घरांतून आला आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना ह्या मुलांनीच मला इतकं शिकवलं आहे, की ते सगळं एकदा लिहून काढावंसं वाटलं.

चर्चच्या कपाटात मुलांसाठी म्हणून ठेवलेल्या पुस्तिका बहुतेक एकाच घाटाच्या. मुलगा वाईट संगतीला लागतो, आजारी पडतो, प्रार्थना करतो, बरा होतो, परीक्षेत पहिला येतो. लहान मुलं त्या आवडीनं ऐकतात. चौदा-पंधरा वर्षांची मुलं मात्र पहिली दोन पानं चाळून परत आणून देतात. एका मुलीनं कारणही सांगितलं. "आंटी, ह्यात शेवट आधीच कळतो. आमच्या घरात आजीसाठी सगळ्यांनी प्रार्थना केली, तरी ती गेली. त्याचं ह्यात काहीच नाही." तिच्या ह्या बोलण्यानं मला कसोटी मिळाली. ज्या पुस्तकातल्या माणसाला आपल्या विश्वासाची किंमत मोजावी लागली आहे, तेच पुस्तक ह्या वयाच्या हाती द्यावं. बाकीचं सगळं नंतर.

म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव कायम एकच असतं: लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. 1934 पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले, आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत ते गणलं जातं. आमच्या मुलांना ते नुसतं 'धड्यातलं' म्हणून माहीत होतं. बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमातली, मराठी बोलतात झकास, पण सलग वाचताना अडखळतात. म्हणून मी ते वर्गात मोठ्यानं वाचायला घेतलं. मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत गेलेलं वडिलांचं सोवळं आलं आणि वर्ग हसायला लागला. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई इतकं जिवंत लिहिते, ह्याचं मुलांना नवल वाटलं.

मग 1895 साल आलं. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या, पंढरपुरात काही काळ काढला, नवऱ्याजवळ परतल्यावरही आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. आधी त्यांनी विचारपूर्वक जातिभेद मनातून काढून टाकला, आणि स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. वर्ग गप्प झाला होता. मग मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "मग टिळकांनी बायकोला न विचारता हे केलं, ते बरोबर होतं का?"

त्या प्रश्नावर आमचा अख्खा रविवार गेला. कुणी म्हणालं, देवानं बोलावल्यावर थांबायचं कसं. कुणी म्हणालं, पण त्या बाईचं काय. मी निकाल दिला नाही. लक्ष्मीबाईंनीही दिलेला नाही. त्यांनी आपलं दुःख लपवलेलं नाही आणि नवऱ्यावरचं प्रेमही लपवलेलं नाही. टिळकांच्या मागे अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनीच पुढे पुरं केलं. विश्वासामुळे घर दुभंगू शकतं आणि तरीही माणसं एकमेकांकडे परत येऊ शकतात, हे पंधराव्या वर्षी कळलेलं बरं. ते कळवणारं पुस्तक आपल्याच भाषेत आहे, हे आपलं भाग्य.

त्याच वर्गात एकदा वेगळाच विषय निघाला. एक मुलगा शाळेतून दुखावून आला होता. "पोरं म्हणतात, तुमचा धर्म इंग्रजांचा. आपण इथले का न्हवं ओ, आंटी?" ह्या प्रश्नाला उपदेशानं उत्तर देता येत नाही, माहितीनंच द्यावं लागतं. कोल्हापुरात 1852 मध्ये रेव्हरंड वाइल्डर आले आणि त्यांनी शाळा काढल्या, हे मी त्याला सांगितलं. ते अमेरिकन होते, हेही सांगितलं. पण गोष्ट तिथे थांबत नाही. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात जी वसतिगृहं उभी राहिली, त्यांत 1915 चं इंडियन ख्रिश्चन हॉस्टेल आहे. म्हणजे मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम मुलांबरोबर आपल्या पणजोबांच्या पिढीतली पोरंही ह्या गावच्या राजाला आपलीच वाटत होती.

आणि पुस्तकं तर त्याहून जुनी. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानं इंग्रज, पण त्यांनी गोव्यात ओवी छंदात 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं. शिवाजी महाराजांच्या जन्माआधीचं हे पुस्तक, हे ऐकल्यावर मुलांचे डोळे मोठे झाले. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी 1857 मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. विधवांची दुःखं हा तिचा विषय, आणि विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झालेला. बेळगाव आपल्या इथून दोन-अडीच तासांवर. 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक ख्रिस्ती मंडळींनीच चालवलं आणि टिळकांनी ते संपादित केलं. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. तुकारामांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं टिळक सांगत. 'उपासना संगीता'तली त्यांची गीतं आपण दर रविवारी गातो, ती मराठी अभंगाच्या चालीवरच तर उभी आहेत. तो मुलगा पुढच्या आठवड्यात 'स्मृतिचित्रे' मागायला घरी आला.

मात्र ह्या जुन्या पुस्तकांबद्दल एक गोष्ट मी आईवडिलांना स्पष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकातलं बरंच ख्रिस्ती लेखन वादविवादाच्या आवेशात लिहिलेलं आहे. दुसऱ्याच्या देवाधर्माबद्दल त्यात कडवट शब्द आहेत. आमच्या मुलांचे जिवलग मित्र हिंदू, जैन, मुसलमान आहेत. गणपतीत ती मित्राच्या घरी मोदक खातात, नाताळात मित्र त्यांच्याकडे करंज्या खायला येतात. जे पुस्तक वाचून आपल्या मुलाला मित्राकडे तुच्छतेनं बघावंसं वाटेल, ते चांगलं ख्रिस्ती पुस्तक नव्हे, मग ते कितीही जुनं आणि मानाचं असो. 'यमुनापर्यटन' मी म्हणूनच सबंध देत नाही. शेजारी बसून निवडक प्रसंग वाचते आणि तो काळ समजावून सांगते.

मुलींसाठी, आणि मुलांसाठीही, पंडिता रमाबाईंचं चरित्र मी आवर्जून सुचवते. दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर देशभर पायपीट केली, 1878 मध्ये कलकत्त्याला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या मिळाल्या, नवरा लवकर गेला, पदरात मुलगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मगुरूंनी सांगितलेलं सगळं मुकाट मान्य केलं नाही. पटेपर्यंत प्रश्न विचारले, वाद घातले, आपलं शाकाहारी जेवणही सोडलं नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी प्रश्न फार विचारते म्हणून घरी बोलणी खायची. रमाबाई वाचून ती म्हणाली, "म्हणजे प्रश्न विचारणं पाप नाही तर." तिला मी पुढचंही सांगितलं. केडगावच्या आपल्या मुक्तिसदन आश्रमात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, आणि तिथल्या मुलीबायकांनी स्वतः खिळे जुळवून ते छापलं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ पुरा छापून झाला 1924 मध्ये. ज्यांना समाजानं टाकलं होतं त्यांच्या हातांनी देवाचं वचन छापलं गेलं, ह्याहून मोठी साक्ष कोणती?

एका मुलाची आई कोरोनाच्या काळात गेली. तो चर्चला यायचा, पण गाणी म्हणायचा नाही. त्याला काही द्यावं की नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आणि मग साधू सुंदरसिंगांचं चरित्र त्याच्या हाती ठेवलं. पंजाबातल्या शीख घरातला हा मुलगा. चौदाव्या वर्षी आई गेली आणि राग असा उसळला की त्यानं शुभवर्तमान फाडून जाळलं. पुढे त्याच मुलानं आपल्या सोळाव्या वाढदिवशी, 1905 मध्ये, सिमल्याला बाप्तिस्मा घेतला आणि भगवी वस्त्रं घालून गावोगाव फिरला. 1929 मध्ये तिबेटकडे गेला तो परतलाच नाही. पुस्तक परत देताना मुलगा एवढंच म्हणाला, "आंटी, त्यानं जाळलं हे पाळकसाहेबांना माहीत आहे का?" मी म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे. देवावर रागावता येतं आणि तो राग पुस्तकात छापलाही जातो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

क्षमेबद्दल बोलायचं तर कॉरी टेन बूम यांचं 'द हायडिंग प्लेस'. 1971 मधलं हे पुस्तक इंग्रजी माध्यमातली मुलं सहज वाचतात. हॉलंडमधल्या घड्याळजीच्या ह्या कुटुंबानं नाझींपासून ज्यूंना आपल्या घरात लपवलं. 1944 मध्ये घरचे पकडले गेले. वडील कैदेत वारले, बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. युद्धानंतर त्याच छावणीतला एक पहारेकरी कॉरीसमोर हात पुढे करून उभा राहिला. तिचा हात उचलेना. तो न उचलणारा हात मुलांना खरा वाटतो. वर्गात दोन मैत्रिणींचा अबोला चालू होता तेव्हा मी हे प्रकरण वाचलं. त्या लगेच बोलू लागल्या नाहीत, पण 'माफ केलं म्हण' असं दटावून क्षमा येत नाही, हे सगळ्यांना उमगलं.

सी. एस. लुईसच्या 'नार्निया'वरून आमच्या एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. चेटकीण असलेलं पुस्तक चर्चमध्ये कशाला? मी त्यांना बसवून 1950 च्या पहिल्या पुस्तकातला सिंह दगडी मेजावर कुणासाठी मरतो, ते प्रकरण वाचून दाखवलं. लुईस तरुणपणी नास्तिक होते आणि पुढे विचार करत करत विश्वासाकडे आले, हेही सांगितलं. त्या वडीलधाऱ्यांनी ते पुस्तक नातवासाठी मागून नेलं.

बायबलबद्दलही मुलांना वाट दाखवावी लागते. पहिल्या पानापासून सुरुवात केलेली मुलं लेवीयपाशी थकतात. मी आधी मार्क देते, सोळा अध्यायांचं वेगवान शुभवर्तमान. मग रूथ आणि योना, चार-चार अध्यायांची. रूथमध्ये परक्या मुलखातली सून आहे, योनामध्ये देवावर रुसलेला संदेष्टा आहे. दोन्ही ह्या वयाला जवळची. भाषा जड वाटली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आहे. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हरित वसईसाठी लढलेला हा धर्मगुरू. झाडं आणि पाणी वाचवणं हेही भक्तीचं काम आहे, हे मुलांना त्यांच्याकडून लवकर कळतं.

आईवडिलांना माझी विनंती एवढीच आहे. पुस्तक विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा. आपल्या गावात 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. पण मुलाला देण्याआधी ते स्वतः वाचा, आणि मुलानं वाचल्यावर 'काय शिकलास?' असं न विचारता 'तुला काय पटलं नाही?' असं विचारा. उत्तर ऐकून घाबरू नका. ही पोरं उद्या पुण्या-मुंबईला जातील, खोली करून राहतील, कधीतरी प्रार्थनेला उत्तर येणार नाही आणि जवळ आपण नसू. त्या दिवशी पाठ केलेली वचनं आठवतील की नाही, मला सांगता येत नाही. पण घर सुटलेल्या लक्ष्मीबाई, प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई आणि रागानं शास्त्र जाळलेला सुंदरसिंग त्यांच्या ओळखीचे असतील, तर आपण ह्या वाटेवरचे पहिलेच नाही, एवढं तरी त्यांना ठाऊक असेल. तेवढी ओळख करून देणं आपल्या हातात आहे, आणि ते ह्या वयातच करायला हवं.