हर्णैचा दिवा

लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणजे मुले आईबापांना काही ना काही करायला लावतातच. कुणी काशीला धाडतात, कुणी हॉल घेऊन त्यांना पुन्हा एकमेकांच्या गळ्यात हार घालायला लावतात. आमच्या मुलांनी आम्हांला बोटीवर चढवले. २०२५ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळी मुंबईहून निघायचे, सकाळी गोव्याला पोहोचायचे आणि पुन्हा त्याच बोटीने परत. तिकिटे मोबाईलवर आली, तेव्हा सौभाग्यवतीने ती चष्मा लावून तीनदा वाचली आणि माझ्याकडे असे पाहिले की, विरुद्ध पक्षाच्या वकिलाने अखेर दावा जिंकला आहे!

दावा जुनाच होता. ही मूळची सोलापूरची. पाण्याचा मोठा साठा म्हणजे हिप्परग्याचा तलाव, यापलीकडे हिची लग्नापूर्वीची कल्पना गेलेली नव्हती. १९७५ साली लग्न झाले आणि मी तिला प्रथमच आमच्या गावी, दापोली तालुक्यातल्या हर्णैला नेले ते एस.टी.ने. कशेडीच्या घाटात तिला गाडी अशी लागली की, खेड येईपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "कोकणात बोट जाते म्हणतात ना? मग आपण बोटीनं का नाही आलो?"

"बोट लागते," मी म्हणालो.

"मग हे काय झालं मला?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. पुढे दरवर्षी गावी जायचे निघाले की हा संवाद ठरलेला. मग बोटी बंद झाल्या, १९९८ साली कोकण रेल्वे सगळी सुरू झाली, तरी हिचे टुमणे सुटले नाही. चारचौघांत ती सांगे, "आमचे हे कोकणातले, समुद्राकाठी जन्मलेले, पण पाण्याला भितात हो!" मी हसत असे. नवऱ्याने हसावे अशाच जागा संसारात पुष्कळ असतात.

बॅलार्ड पिअरवर बोट उभी होती. बोट कसली, चाळच ती! अकरा मजले मी मोजले आणि मान दुखली म्हणून थांबलो. सामानाची तपासणी, फोटो, गळ्यात अडकवायचे कार्ड, लिफ्ट, गालिचा. खोलीत पाऊल टाकले तर पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला. त्याची मान मोडेल म्हणून ही पलंगावर बसेना. "एवढं कुणी मेहनत घेऊन केलं असेल," म्हणून तिने तो उचलून आरशापाशी ठेवला आणि मगच टेकली.

मला मात्र भाऊचा धक्का आठवत होता. आमच्या लहानपणी कोकणची बोट म्हणजे डेकवर पसरलेली चटई, तिच्यावर ट्रंक, वळकटी आणि आईने धरून ठेवलेली जागा. इंजिनाचा तेलकट वास, कुणाच्या तरी करंडीतली कोंबडी, लिंबू चोखत पडलेल्या बाया. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत बोट दक्षिणेला जाई. पावसाळ्यात हे सगळे बंद. बहुतेक बंदरांत धक्का नव्हताच. बोट दूर खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव वल्हवत येत आणि उतारू त्यांत उतरत. उतरत म्हणजे काय, लाटेने पडाव वर आला की खलाशी ओरडे, "हां, आता!" आणि दंडाला धरून माणूस खाली झेलला जाई. लाट खाली गेलेली असली तर पुढच्या लाटेची वाट पाहायची. शेवटी गुडघाभर पाण्यातून माणसाच्या खांद्यावर बसून वाळूत. आमच्या गावाचे पाणी तर अगदी उघडे. वारा जरा बिघडला की उतरणे कठीण.

साडेचारच्या सुमारास टगबोटींनी आमच्या चाळीला धक्क्यापासून हलकेच दूर ओढले. डेकवर गाणी लागली, पोहण्याच्या तलावाभोवती मुले नाचू लागली. आम्ही आपले कठड्याशी उभे राहिलो. बंदराबाहेर पडल्यावर खाली एक लहानशी लाँच बोटीच्या अंगाला येऊन भिडली. बोटीच्या पोटातले एक दार उघडले, दोरांची शिडी खाली सोडलेली दिसली आणि तिच्यावरून एक माणूस उतरू लागला. बंदरातून बोट बाहेर काढून देणारा हा पायलट. जुने खलाशी त्याला आरकाटी म्हणत. लाँच वर येत होती, खाली जात होती. तो शेवटच्या पायरीवर थांबला, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली आणि तिसरीला पाय टाकला. लाँचवरच्या माणसाने त्याचा दंड धरला.

"अगं बाई!" ही म्हणाली, आणि मग, "तुमचा हात थंड का पडलाय?"

मी म्हणालो, वारा आहे. खरे तर वारा नव्हताच. थंडीच्या दिवसांत हा समुद्र तलावासारखा निपचित असतो. दुपारी समुद्रावरून खारे वारे, पहाटे जमिनीवरून मतलई. गलबते याच दोहोंच्या बळावर किनाऱ्याने चालत.

सूर्य बुडताना डाव्या हाताला खांदेरी आणि उंदेरी दिसली. हिला इतिहासाची आवड; नातवंडांचा अभ्यास तिनेच घेतलेला. मी सांगू लागलो की, १६७९ साली शिवाजीमहाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला, मुंबईच्या तोंडाशी ही पाचर नको म्हणून इंग्रजांनी आरमार पाठवले, पण बेट काही त्यांच्या हाती लागले नाही. तेव्हा पुढल्या वर्षी सिद्दीने शेजारचे उंदेरी गाठले. ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. आणि खांदेरी आता युनेस्कोच्या यादीत आहे. २०२५ सालीच गेली. तुमच्या हर्णैचा सुवर्णदुर्गसुद्धा." मी गप्प बसलो. खांदेरीवरचा दिवा लुकलुकू लागला. त्या दीपगृहाला कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे, एवढे मात्र तिला ठाऊक नव्हते.

जेवणाचे वर्णन करीत नाही. पदार्थ इतके होते की, मी शेवटी वरणभातच घेतला. वाढणाऱ्या मुलाच्या बोलण्यावरून तो आमच्याकडचाच निघाला. त्याला हळूच विचारले, "हर्णैवरून कधी जाते हो बोट?"

"दहाच्या आसपास, आजोबा. पण लांबून जाते. गाव नाही दिसायचं. वरच्या डेकवर डाव्या बाजूला उभे राहा. हवा स्वच्छ असली तर दिवा दिसेल."

हिने ते ऐकले. काही विचारले नाही. पावणेदहाला स्वतःची शाल घेतली, माझी कानटोपी घेतली आणि म्हणाली, "चला."

वरच्या डेकवर पाठीमागे गाणी चालूच होती, पण डाव्या बाजूला आम्हीच दोघे. काळोख, पाण्याचा सळसळाट, आणि किनारा आहे असे नुसते मानायचे. बराच वेळ काही नाही. मग क्षितिजावर एक बारीकसा प्रकाश उमटला, गेला, पुन्हा उमटला. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी ठेवलेली असते, तीवरून तांडेल ओळखतात. मी तांडेल नव्हे. पण वेळ जुळत होती, आणि कनकदुर्गावरचा तो दिवा मी लहानपणी पडवीत निजून शेकडो रात्री पाहिलेला होता. फक्त समुद्राकडून कधी पाहिला नव्हता.

तिथे मी हिला ते सांगितले.

१९५८ साल. दसरा होऊन गेला होता. वडील मुंबईत आजारी पडले म्हणून आई मला घेऊन त्यांच्याकडे आली होती. माझी धाकटी बहीण, दोन वर्षांची, आजीपाशी गावी ठेवलेली. पत्र आले, "बाळीला ताप आहे, निघून या." मिळाली ती बोट धरली. दुपार कलल्यावर हर्णैसमोर आलो तो वारा फिरलेला. सुवर्णदुर्गाच्या तटावर पाणी उसळत होते. दोन पडाव निघालेले दिसले. एक अर्ध्यातून परतला, दुसरा बोटीपाशी येऊन दोनदा आपटला आणि दूर झाला. आमच्या वाडीतले माड दिसत होते. आई ट्रंक उचलून कठड्याशी उभी होती. तास-दीड तास गेला. मग बोटीने भोंगा दिला आणि ती दाभोळला निघाली. आई ट्रंक खाली ठेवीना. दाभोळपर्यंत ती हातातच होती.

दाभोळहून थोडे चालत, थोडे मालाच्या लॉरीतून दापोली, तिथून बैलगाडीने हर्णै. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. बाळी आदल्या दिवशी दिवेलागणीला गेली होती.

"रामदास बोट बुडून तेव्हा अकराच वर्षं झाली होती," मी म्हणालो. "१७ जुलै १९४७. रेवसला जाताना सहाशेच्या वर माणसं गेली. उतारू उतरवायचा धोका कोण घेणार? आईनं कधी कुणाला दोष दिला नाही. म्हणायची, 'कप्तान काय करील? पडाव उलटता तर किती जणींची घरं बसती.' पण बोटीत ती पुन्हा चढली नाही. आणि मीही नाही."

ही बराच वेळ बोलली नाही. नणंद लहानपणी वारली एवढे तिला माहीत होते. सासूने त्यापलीकडे काही सांगितले नव्हते आणि मीही नाही.

मग ती एकदम रागावली. "पन्नास वर्षं! पन्नास वर्षं मी चारचौघांत तुम्हांला भित्रा म्हणत आले, आणि तुम्ही हसत बसलात! एकदा सांगता आलं नाही? मी काय परकी होते?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा बोटीचं नाव काढलं नसतंस."

"नसतंच काढलं!"

"तुला तर बोटीत बसायचं होतं."

यावर तिने शालीचे टोक डोळ्यांना लावले आणि माझी कानटोपी नीट करण्याच्या निमित्ताने ती जरा जास्तच जोरात खाली ओढली. दिवा मागे सरकत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही हललो नाही. पाठीमागे कुणाचा तरी वाढदिवस निघाला होता. केकचे दोन तुकडे आम्हांलाही मिळाले आणि आम्ही ते खाल्लेही.

सकाळी जाग आली तेव्हा बोट मुरगावच्या बंदरात शिरत होती. उतरण्याची शिडी म्हणजे कठडे लावलेला सरळ लाकडी रस्ताच. लाट नाही, पडाव नाही. तोंडाशी उभ्या असलेल्या पोरसवदा अधिकाऱ्याने म्हाताऱ्या माणसांना हात देण्यासाठी हात पुढे केला. त्याची काहीच गरज नव्हती. हिने तो घेतला, पलीकडे पाऊल टाकले आणि मागे वळून माझा दंड धरला.

गोव्यात काय पाहिले ते सर्वांनी पाहिलेले आहे. उन्हात दोन देवळे आणि एक चर्च झाले, शहाळी झाली, पाय दुखले. संध्याकाळी बोटीवर परत आलो तो ही खोलीत न येता थेट भोजनगृहाकडे गेली. परत आली ती मोबाईल हातात धरून.

"त्या मुलाला विचारून आले. परतताना हर्णै पहाटे येतं, चारच्या सुमाराला. या खेपेला उजव्या बाजूला." तिने चष्मा लावून साडेतीनचा गजर लावला, तो लागला की नाही हे दोनदा तपासले आणि म्हणाली, "कानटोपी उशाशी ठेवा."