पॅलाडिनचा व्रतभंग कोण ठरवतो?

१/ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे निर्माते. फासे, कागद आणि कल्पनाशक्ती एवढ्या भांडवलावर खेळाडू कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार. कथेची सूत्रे आणि न्यायनिवाडा 'डन्जन मास्टर' नावाच्या सूत्रधाराकडे असतो.

२/ पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' या पुरवणीतून पॅलाडिन अवतरला. तो पवित्र योद्धा: हस्तस्पर्शाने जखमा भरून काढणारा, रोगराईला न बधणारा. १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'ने त्याचे व्रत अधिक कडक केले. दहांहून अधिक जादुई वस्तू बाळगायच्या नाहीत, मिळकतीचा दहावा हिस्सा दान करायचा. जाणूनबुजून दुष्कृत्य घडले, तर सारी वरदाने कायमची जात आणि तो साधा योद्धा उरे.

३/ महाभारत ठाऊक असणाऱ्यांना ही कल्पना परकी वाटू नये. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ एका अर्धसत्यापायी भूमीला टेकला, तोही असाच व्रतभंग.

४/ पॅलाडिन हा शब्द मात्र रोमचा. तिथल्या पॅलाटिन टेकडीवर सम्राटांचे प्रासाद होते. त्यावरून 'पॅलाटिनस' म्हणजे राजवाड्याशी संबंधित माणूस. मध्ययुगीन काव्यांनी हे नाव फ्रँक सम्राट शार्लमेनच्या बारा वीरांना दिले. याच आख्यानांवर पोल अँडरसनने 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' ही कादंबरी रचली, आणि गायगॅक्सने १९७९ मध्ये आपल्या प्रेरणाग्रंथांच्या यादीत तिला स्थान दिले.

५/ त्या बारांतला सर्वांत ख्यातनाम रोलाँ. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड त्याच्याविषयी जेमतेम एक उल्लेख करतो. ७७८ मध्ये स्पेनच्या मोहिमेवरून परतताना पिरेनीज पर्वतात सैन्याच्या पिछाडीवर बास्क लोकांनी हल्ला केला. त्यात तो पडला. ही मोहीम मुळात एका मुस्लिम सरदाराच्या निमंत्रणावरून निघाली होती, आणि परतीच्या वाटेवर फ्रँकांनी पॅम्प्लोनाचा तट पाडला होता.

६/ सुमारे ११०० च्या सुमारास रचलेल्या 'रोलाँच्या गीता'त बास्क उरले नाहीत. त्यांच्या जागी प्रचंड मुस्लिम सेना आली आणि पिछाडीवरची ती चकमक धर्मयुद्ध ठरली. पहिल्या क्रुसेडच्या काळाला असाच रोलाँ हवा होता.

७/ शार्लमेनच्या पदरी आणखी एक प्रसंग आहे. ७८२ मध्ये व्हर्डन येथे त्याने एका दिवसात ४५०० सॅक्सन बंद्यांचा शिरच्छेद करविला, असे फ्रँक दरबाराच्याच वृत्तांतात नोंदले आहे. या आकड्याविषयी इतिहासकारांत वाद आहे. पण त्या दिवशी कुणाची वरदाने गेली नाहीत. व्रत घेणारा, निवाडा करणारा आणि वृत्तांत लिहिणारा हे सारे एकाच पक्षाचे होते.

८/ खेळाने इथेच दोन गोष्टी कल्पनेने घातल्या. पहिली, लक्ष एकाग्र करताच समोरच्यातले दुष्टत्व ओळखण्याची शक्ती. दुसरी, पॅलाडिनलाच दोषी ठरवू शकणारा त्रयस्थ. इतिहासातल्या धर्मयोद्ध्यांनी पहिली गोष्ट आपल्यापाशी आहे असे गृहीत धरले. दुसरी त्यांना क्वचितच लाभली.

९/ म्हणून या खेळातला खरा कस लढाई संपल्यावर लागतो. समोर शरण आलेला गॉब्लिन बसला आहे. सोडला तर तो टोळीला सावध करील. मारला तर व्रताचे काय? सोबत्यांचा मत्सर, सूत्रधाराचा लहरीपणा, नियमांची ओढाताण हे सगळे त्या क्षणी टेबलावर येते. कित्येकदा पॅलाडिन इतर खेळाडूंना नकोसा होतो, कारण तो सोबत असला की प्रत्येक लुटीचा जाब द्यावा लागतो.

१०/ पुढे नियम बदलले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनने सदाचारीच असावे ही अट नाही. तो आपली शपथ निवडतो, आणि त्यांत सूडाचीही एक शपथ आहे. दुष्टत्व ओळखण्याची शक्तीही आक्रसली. तिला देवदूत, सैतानी जीव आणि प्रेतयोनी जाणवतात. साध्या माणसाच्या मनातले पाप जाणवत नाही. बंदी माणूस असेल, तर पॅलाडिनला त्याच्याशी बोलूनच निर्णय घ्यावा लागतो.

११/ भूतकाळातल्या वीरांना पॅलाडिन ठरविण्याची हौस आज समाजमाध्यमांवर उदंड आहे. त्यांचे शत्रू जन्मतःच दुष्ट, त्यांची प्रत्येक कृती आपोआप पवित्र. अशा कथेसमोर इतिहासाच्या वाचकाने तीन प्रश्न ठेवावेत: बंदी कोण होते, वृत्तांत कुणी लिहिला, आणि व्रत मोडले असे म्हणण्याचा अधिकार त्या काळी कुणाला होता? तिसऱ्याचे उत्तर 'कुणालाच नाही' असे आले, तर पहिल्या दोहोंकडे पुन्हा वळावे लागते.