वाळवंटातली एक रात्र

"पाणी नसलेला मुलूख बघायला पैसे घालवून जाताय? २०१६ विसरलात वाटतं!" आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी निघताना टोमणा मारला. चुकीचं काही बोलल्या नाहीत. आम्ही लातूरचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलं तेव्हा ते बघायला स्टेशनावर गेलेल्या गर्दीत आम्हीही होतो. त्यामुळे पाण्याची टंचाई काय असते हे आम्हाला कुणी शिकवायला नको, अशी आमची पक्की समजूत होती.

आम्ही पाच जणी एकाच शाळेत शिकवतो. गणित, भूगोल, विज्ञान, भाषा, आणि सगळ्यांत वडीलधाऱ्या दीनियातच्या आपा. "एकदा कुठेतरी जाऊ या" हे स्टाफरूममध्ये दहा वर्षं चाललं होतं. कधी कुणाच्या मुलाची बारावी, कधी कुणाच्या अब्बांचं ऑपरेशन. अखेर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत निघालो. दोघींचे शोहर सोबत होते. सामान उचलायचं आणि फोटो काढायचे, एवढंच काम त्यांना नेमून दिलं होतं.

मुंबईहून जोधपूर, तिथून जैसलमेर. किल्ल्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून इथे थोडक्यात. ११५६ साली रावळ जैसल यांनी वसवलेला हा पिवळ्या दगडाचा किल्ला, आणि आत आजही लोक राहतात. आम्हाला चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. या किल्ल्याला आज धोका आहे तो पाण्याचा! पूर्वी बायका गडीसर तलावावरून घागरी आणायच्या, सांडपाणी जेमतेम निघायचं. आता नळ आले, हॉटेलं झाली, न्हाणीघरं वाढली, आणि झिरपणाऱ्या पाण्याने किल्ल्याखालची टेकडी पोखरायला घेतली. भूगोलाच्या मॅडमनी तिथेच वही काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुडीकडे गेलो. वाळूच्या टेकड्यांसाठी बहुतेक लोक समला जातात. खुडी त्यामानाने शांत, असं ऐकलं होतं. आमचं बुकिंग तंबूंच्या एका छावणीत होतं. तंबूला कार्पेट, आत शॉवर, कमोड. आणि बाहेर संध्याकाळचे पाच वाजले नाहीत तोवर स्पीकर सुरू. वाळवंटात येऊन लग्नाच्या वरातीतली गाणी ऐकायची असतील तर लातूर काय वाईट होतं? आपांनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "चला, उठा."

छावणीच्या फाटकाबाहेर उंटवाले बसलेले असतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्या चाचांनी दूरच्या टेकडीवर रात्रभर नेण्याची तयारी दाखवली. चाचा जवळच्या ढाणीतले, म्हणजे वस्तीतले, सिंधी बोलणारे मुसलमान. सोबत त्यांचा मुलगा आणि दहा-एक वर्षांचा नातू. आठ उंट, गोधड्या, लाकडं, बाजरीचं पीठ आणि पाण्याचे दोन कॅन. उंट मागच्या पायांवर आधी उठतो, हे विज्ञानाच्या मॅडमना ठाऊक होतं. तरी किंचाळल्या सगळ्यांत जोरात त्याच! खाली उतरल्यावर मात्र वर्गात शिकवल्यासारखं समजावू लागल्या की मदारीत पाणी नसतं, चरबी असते. सूरह गाशियामध्ये उंटाच्या घडणीकडे पाहायला सांगितलं आहे, ते आपांनी आठवलं. आणि खरंच, त्या रुंद, गादीसारख्या पावलांकडे आम्ही बराच वेळ बघत बसलो.

मगरिबला सूर्य समोरच्या टेकडीमागे गेला, त्यामुळे किब्ला विचारायची गरज पडली नाही. आमच्यातल्या एकीने कॅनची तोटी उघडली आणि घरी करतो तसा वुजू सुरू केला. चाचा काही बोलले नाहीत. नातू मात्र धावत आला आणि तिच्या हातांखाली परात सरकवून उभा राहिला. परातीत जमलेलं पाणी त्याने उंटापुढे नेऊन ठेवलं. उंटाने ते दोन घोटांत संपवलं. तोटी तोवर बंद झाली होती.

कुणीच काही बोललं नाही. मग आपा हळूच म्हणाल्या, की आपण मुलांना शिकवतो ना, रसूलुल्लाह एका मुद्द पाण्यात वुजू करत? साधारण पाऊण लिटर. परीक्षेत हा प्रश्न दरवर्षी असतो. गणिताच्या मॅडमनी लिटरची बाटली भरून घेतली, तिच्यावर नखाने खूण केली आणि उरलेल्या चौघींनी एकेक करून तेवढ्यात वुजू केला. दोघींचं पाणी तरीही उरलं.

जेवायला सोगरा, म्हणजे आपली बाजरीची भाकरीच, जरा जाड. सोबत केर-सांगरीची भाजी. सांगरी ही खेजडीच्या झाडाची शेंग. उन्हाळ्यात वाळवून ठेवतात आणि वर्षभर पुरवतात. चुलीवरच्या भाकरीचा वास सगळीकडे एकच असतो, हे तेव्हा कळलं.

दिवाळीनंतरचे दिवस, कोवळा चंद्र लवकर मावळला. मग जे आकाश उघडलं त्याचं वर्णन आमच्याने होणार नाही. आकाशगंगा आमच्यातल्या तिघींनी आयुष्यात प्रथमच पाहिली, त्यांत भूगोल शिकवणारीही होती, आणि तिने तसं कबूल केलं. चाचांनी कुतुब तारा दाखवला. तो उजव्या खांद्याशी ठेवून उभं राहिलं की तोंड आपोआप पश्चिमेला. भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, लातूरपेक्षा तो इथे आठ-एक अंश वर दिसतो. चाचा हसले. त्यांनी तो आयुष्यभर तिथेच पाहिला होता. वाळू झपाट्याने गार पडली. दोन गोधड्यांतही पाय गरम होईनात. पण झोपायची घाई कुणालाच नव्हती. सासर, बदल्या, मुली, गुडघे, दहा वर्षांत स्टाफरूममध्ये न बोललेलं बरंच काही त्या रात्री बोलून झालं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फज्रला उठलो तेव्हा एक कॅन रिकामा होता आणि दुसऱ्यात तळाशी थोडं पाणी. दहा माणसांचं पिणं, चहा, परतीची वाट. चाचा म्हणाले, "वापरा बेटा, तुम्ही मेहमान." आपांनी नाही म्हटलं. पिण्याच्या पाण्यावर पहिला हक्क तहानेचा, माणसाच्या आणि जनावराच्याही, आणि तयम्मुम अशाच वेळेसाठी आहे. आपा वीस वर्षं मुलांना तयम्मुम शिकवत होत्या. स्वतः करायची वेळ आली ती पहिल्यांदाच. आम्हा सगळ्यांवरच पहिल्यांदा. वाळूवर तळहात टेकवले. ती बर्फासारखी गार होती. झटकली, चेहऱ्यावरून हात फिरवला, पुन्हा टेकवले, हातांवरून फिरवले. आपांचे डोळे भरून आले होते. आम्ही दुसरीकडे पाहिलं.

परतताना चाचांनी ढाणीवर चहाला नेलं. त्यांची सून पाणी भरायला निघाली होती, तिच्यासोबत आम्हीही गेलो. सखल जागी बेऱ्या होत्या. बेरी म्हणजे अरुंद, खोल विहीर. तोंड एवढं लहान की लाकडी झाकण बसतं. वाळूखाली खडूसारखा एक थर असतो. तो पावसाचं पाणी खाली जाऊ देत नाही, वाळूत ओल म्हणून धरून ठेवतो. ती ओल बेरीत थेंबाथेंबाने पाझरते. जितकं पाझरेल तितकंच काढायचं. अनुपम मिश्र यांच्या 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात याला रेजाणी पाणी म्हटलं आहे. आमच्यातल्या एकीने ते वाचलेलं होतं, पण वाचणं आणि दोर ओढणं यांत फरक असतो. चार घागरी भरेपर्यंत सूनबाईच्या कपाळावर घाम आला होता. आता टँकर येतो, कुठे कुठे नळही आलेत, आणि ते यायलाच हवेत, असं ती स्पष्ट म्हणाली. बेरीचं कौतुक करायला आम्ही होतो. डोक्यावर घागर तिच्या होती. छावणीतल्या शॉवरबद्दल तिला कुणी सांगितलं नसावं, आणि आम्हीही सांगितलं नाही.

चहा पिताना चाचांनी विचारलं, तुमच्याकडे पाऊस किती पडतो? भूगोलाच्या मॅडमनी सांगितलं, सरासरी सातशे मिलिमीटरच्या वर. इथे दोनशेच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. त्यांना मिलिमीटर कळेना, तेव्हा तिने कपबशा मांडून दाखवलं: तुमचा एक कप, आमचे साडेतीन. मग रेल्वेने पाणी आल्याची हकीकतही सांगितली, जरा अभिमानानेच, जणू दुष्काळात आम्ही त्यांच्यापेक्षा वरचढ.

चाचा कपांकडे बघत राहिले. म्हणाले, "साडेतीन कप पडतं, तरी रेल्वेने आणावं लागलं? मग ते जातं कुठे?"

ऊस, बोअरवेल, गाळाने भरलेली तळी, काय काय सांगायचं होतं. आम्ही पाच शिक्षिका एकमेकींकडे बघत राहिलो. नातवाने कप उचलले, तळाशी उरलेला चहा शेळीपुढे ओतला आणि कप वाळूने घासायला घेतले.